बापूंचा कान आणि अण्णांचं तेल

श्रावणी सोमवारी रामकुंडात डुबकी मारून आल्यापासून बापूंचा उजवा कान बंद झाला. मंगळवारी संध्याकाळी ते अशोकस्तंभाजवळच्या आमच्या कट्ट्यावर आले, प्रत्येक वाक्याला "काय?" म्हणू लागले आणि चहा यायच्या आत सगळ्यांची जुंपली.

"पाणी गेलंय," पिंट्या म्हणाला. "मान वाकडी करा, पाळी खाली ओढा आणि एका पायावर उड्या मारा."

"कालपासून मारतोय. काही फरक नाही."

"मग तेल घाला," अण्णा म्हणाले. "गोड्या तेलात लसणाच्या दोन पाकळ्या करपवायच्या, कोमट झालं की चार थेंब. आमच्या आईनं सहाही भावंडांचे कान असेच सांभाळले. आयुर्वेदात कर्णपूरण सांगितलंय, ते काय उगाच?"

पिंट्यानं तोवर मोबाइल पुढे केला होता. रीलमध्ये कोणीतरी कानात पोकळ मेणबत्ती पेटवून झोपलेलं, आणि नंतर तिच्या बुडखातून निघालेला पिवळट भुगा दाखवत होतं. मास्तरांनी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलंय. ते म्हणाले, "हीच मेणबत्ती कानात न घालता नुसती जाळ. भुगा तेवढाच निघेल, कारण तो मेणबत्तीचाच आहे. कानातून काही ओढलं जात नाही. उलट गरम मेण आत पडलं की पडदा भाजतो."

"बरं, मग बड?"

इथे मास्तर तापले, आणि मला वाटतं तापायलाच हवं. कानाची नळी मोठ्या माणसात जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब. मळ तयार होतो तो फक्त बाहेरच्या भागात, पडद्याजवळ नाही. नळीची कातडी आतून बाहेर सरकत असते, चावताना-बोलताना जबडा हलतो, आणि मळ आपला आपण दाराशी येतो. म्हणजे पडद्याला टेकलेला घट्ट मळ बहुतेक वेळा कोणीतरी ढकललेला असतो. बड, काडेपेटीची काडी, बाईकची किल्ली, साडीची पिन, कानकोरणं, सगळ्यांचं काम एकच. बडच्या कापसाला थोडं तपकिरी लागलं की आपल्याला वाटतं कान साफ झाला, पण कापसाला लागलं त्याहून जास्त आत गेलेलं असतं.

"पण मग डुबकीनंतरच कसं बंद झालं?" बापूंनी विचारलं. रास्त प्रश्न. कोरडा मळ पाण्यानं फुगतो. कालपर्यंत फटीतून आवाज जात होता, पाणी लागलं आणि ती फट बुजली. म्हणून आंघोळ, पोहणं, डुबकी यांच्यानंतर माणसाला वाटतं पाणी अडकलंय, आणि अडकलेला असतो मळ.

पिंट्या आठवड्यातून दोनदा पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला जातो. तो म्हणाला, "माझेही कान कसारा घाटात बंद होतात, ते काय मळानं?" ते वेगळं. मधला कान आणि घसा जोडणारी एक बारीक नळी आहे. बाहेरचा दाब बदलला की ती उघडावी लागते. गिळलं, जांभई दिली, की "फट्" होऊन कान मोकळा. नाक-तोंड दाबून हलकेच फुंकायची युक्ती वाल्साल्व्हा नावाच्या इटालियन वैद्यानं 1704 च्या पुस्तकात लिहिलीय. सर्दी झाली की हीच नळी सुजते. अशा वेळी जोरात फुंकायचं नाही, आणि कानात काही घालून उपयोगही नाही, कारण अडथळा पडद्याच्या पलीकडे आहे.

म्हणजे "कान बंद झाला" हे एकच वाक्य तीन-चार वेगळ्या गोष्टींबद्दल असू शकतं, आणि कट्ट्यावर आम्ही सगळे औषधापासून सुरुवात करत होतो.

एवढ्यात शेजारच्या मेडिकलच्या ताई चहाला आल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बापू, तोंड मिटून 'म्म्म' असा आवाज काढा. कुठल्या कानात जास्त वाजतो?"

बापूंनी काढला. "ह्याच. बंद कानात."

मग आम्ही सगळ्यांनी करून पाहिलं. एका कानात बोट घालून गुणगुणलं की आवाज त्याच बाजूला सरकतो. करून बघा, अगदी स्पष्ट कळतं. वाट बुजलेली असेल, मळानं, पाण्यानं, सर्दीनं, तर गुणगुण बंद कानात मोठी वाजते. पण ती चांगल्या कानात मोठी वाजत असेल, तर अडचण मळाची नसून आतल्या कानाची किंवा नसेची असू शकते.

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, म्हणून जरा थांबून लिहितो. सकाळी उठलं आणि एका कानाला ऐकूच येत नाही, किंवा दोन-तीन दिवसांत ऐकणं झपाट्यानं उतरलं, सोबत शिटी वाजतेय, गरगरतंय, असं झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर गाठायचा. यावर स्टिरॉइड देतात, आणि ती पहिल्या काही दिवसांत सुरू झाली तर ऐकणं परत येण्याची आशा जास्त. दोन आठवडे उलटले की ती खूप कमी होते. मळ समजून माणसं हेच दोन आठवडे थेंब घालण्यात घालवतात. आणि गुणगुण बंद कानात वाजली म्हणून निर्धास्तही व्हायचं नाही. ही घरची चाचपणी आहे, तपासणी नव्हे.

"बापूंच्या बंद कानात वाजली ना? मग घाला तेल!" अण्णा पुन्हा.

ताई म्हणाल्या, "अण्णा, साधं तेल वाईट नाही. बदामाचं, ऑलिव्हचं, सोड्याचे थेंब, यातलं एक दुसऱ्याहून सरस आहे असं दिसलेलं नाही. दोन-तीन थेंब टाकून कान वर करून पाच मिनिटं पडायचं, असं तीन-चार दिवस. सुरुवातीला मळ फुगून कान जास्तच बंद वाटेल, घाबरायचं नाही. पण लसूण नको, आतली कातडी भाजते. आणि गरम तर मुळीच नको."

"थंड?"

"तेही नको. गरगरतं."

मास्तर खुलले. थंड किंवा गरम पाणी कानात गेलं की तोल का जातो, हे व्हिएन्नाच्या बारानी नावाच्या डॉक्टरनं शोधलं आणि तोलाच्या इंद्रियावरच्या कामासाठी त्याला 1914 चं नोबेल मिळालं. म्हणूनच दवाखान्यात कान धुताना पाणी अंगाच्या उष्णतेइतकं घेतात.

ताईंचं मात्र बापूंकडेच लक्ष होतं. "लहानपणी कान फुटला होता का?"

"फुटायचा की. दर पावसाळ्यात वाहायचा. हाच."

"आणि शुगर?"

"गोळी चालू आहे."

अण्णांनी बशी खाली ठेवली. "हे तू आधी बोलला नाहीस."

कोणी विचारलंच नव्हतं. फुटलेल्या कानाच्या पडद्याला भोक राहिलेलं असू शकतं. अशा कानात तेल काय, पाणी काय, सरळ मधल्या कानात उतरतं आणि कान पुन्हा वाहायला लागतो. शुगरच्या माणसाला तर कानाच्या नळीतला जंतुसंसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो. त्यात हे दिवस ओलाव्याचे, कानात बुरशी धरते. खूप खाज सुटते, आणि आत ओल्या वर्तमानपत्रासारखं पांढरं-काळं दिसतं. तिथे कान कोरडा ठेवायचा असतो आणि आपण तेल ओतत बसतो. दुखणं, पाणी, रक्त, ताप, यातलं काही असलं तरी घरचे उपाय बंद.

बापूंसाठी निर्णय झाला: कानात काहीही न घालता उद्या सकाळी सिव्हिलची ओपीडी. तोवर आंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी, आत खुपसायचा नाही.

अण्णांना ते मनापासून पटलं नव्हतं. "म्हणजे तेलाचा जमाना गेला म्हणा."

"कानात जिवंत किडा गेला तर?" पिंट्यानं विचारलं.

"तेल," ताई म्हणाल्या. "पडदा शाबूत असेल तर. किडा तडफडायचा थांबतो, मग डॉक्टर काढतात. पण पोरांनी हरभरा-वाटाणा घातला असेल तर तेलही नाही, पाणीही नाही. पाण्यानं तो फुगून बसतो. आणि घड्याळाचा सेल असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना. काही तासांत तो कातडी जाळतो."

अण्णांनी तेवढं "तेल" ऐकलं आणि पिंट्याच्या पाठीवर थाप मारली. बापूंसोबत सकाळी सिव्हिलला तेच जाणार आहेत. साडेआठला, केसपेपरची रांग वाढायच्या आत.