चाणक्य न वाचता चाणक्य कसे व्हावे

गेल्या रविवारी आमच्या भागातल्या एका व्याख्यानमालेत मला बोलावलं होतं. विषय होता 'प्राचीन हिंदू राज्यांतील मंत्रिपरिषद'. वेळ सहाची. चाळीस मिनिटं बोला, मग दहा मिनिटं प्रश्न. मी पंधरा दिवस टिपणं काढली, बायकोला दोनदा वाचून दाखवली (दुसऱ्या खेपेला तिचा डोळा लागला, ती मी संमती धरली). अध्यक्ष सव्वासातला आले. 'दोन शब्द' म्हणत पन्नास मिनिटं त्यांनी चाणक्य सांगितला. मग मी उभा राहिलो आणि बाराव्या मिनिटाला माझ्या हातात चिठ्ठी आली: 'आवरतं घ्या'.

रिक्षातून घरी येताना लक्षात आलं की चूक माझीच. मी वाचून गेलो होतो. तुमच्या हातून असा गाढवपणा होऊ नये म्हणून हे चार शब्द.

पहिली गोष्ट, कौटिल्याचं, म्हणजे चाणक्याचंच, अर्थशास्त्र घरात ठेवायला हरकत नाही, पण उघडू नका. 15 अधिकरणं, 180 प्रकरणं, कोण बसणार? 1905 च्या सुमारास म्हैसूरला त्याची पोथी शामशास्त्रींच्या हाती आली, 1909 मध्ये त्यांनी ती छापली, पुढे आपल्या र. पं. कंगल्यांनी वर्षानुवर्षं घालवून चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्यांनी कष्ट घेतले आहेत ना? मग तुम्ही परत कशाला घ्यायचे? शिवाय वाचलं की पंचाईत होते. परवाच्या बॅनरवर शेंडीवाल्या चित्राखाली छापलं होतं की यशस्वी पुरुषाने पहाटे चारला उठावं. खाली 'चाणक्य'. आता पुस्तकात पाहावं तर राजाच्या रात्रीचे आठ भाग केलेत, चौथ्या-पाचव्या भागात त्याने झोपायचं आणि सहावा भाग सुरू होताच वाद्यांच्या गजरात उठायचं. रात्र सहा ते सहा धरून हिशेब मांडा. रात्री दीड! चारला उठणाऱ्या राजाला कौटिल्याने आळशी म्हटलं असतं. हे मी बोललो, तर पहिल्या रांगेतले एक काका म्हणाले, "अहो, भाव महत्त्वाचा."

संस्कृत वचन म्हणताना डोळे मिटा. चुकलं तरी ध्यान लागल्यासारखं दिसतं.

मंत्र्यांची संख्या विचारली तर ठामपणे 'आठ' म्हणा. अष्टप्रधान सगळ्यांना माहीत आहेत, शिवराय 1674 चे आणि प्रश्न प्राचीन काळाबद्दल, असली कटकट कोणी करत नाही. खरं सांगायला गेलात तर असं आहे की मनुस्मृती सात किंवा आठ सचिव म्हणते. कौटिल्य मात्र सांगतो की मनूच्या पंथाचे लोक बारा म्हणतात, बृहस्पतीचे सोळा, शुक्राचार्यांचे वीस. आणि स्वतः काय म्हणतो? 'यथासामर्थ्यम्'. म्हणजे कामाला लागतील तितके. वर, इंद्राच्या परिषदेत हजार ऋषी होते, तेच त्याचे डोळे, म्हणून दोन डोळ्यांच्या इंद्राला सहस्राक्ष म्हणतात, असंही सांगून मोकळा होतो. हे सगळं ऐकवलंत तर लोक म्हणतील, याला नक्की काही ठाऊकच नाही.

'सप्तांग राज्य' हा शब्द दर पाच मिनिटांनी येऊ द्या. सातही अंगं मात्र मोजायला जाऊ नका. स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग इथवर गाडी सुसाट जाते, पाचवा कोश, म्हणजे खजिना, आला की श्रोत्यांतला कोणीतरी व्याख्यानमालेच्या वर्गणीचा हिशेब विचारतो.

आता हुकमी वाक्य. 'लोकशाही आपण जगाला दिली.' टाळ्या हमखास. पुरावा म्हणून उत्तरमेरूरचं नाव घ्या आणि पुढच्या मुद्द्याकडे पळा. थांबलात की फसलात. कारण तमिळनाडूत कांचीपुरमजवळच्या त्या गावात मंदिराच्या भिंतीवर पहिल्या परांतक चोळाच्या काळचे, 919 आणि 921 चे, दोन लेख आहेत. त्यात गावाचे 30 वॉर्ड, उमेदवाराचं वय 35 ते 70, स्वतःच्या जागेवर स्वतःचं घर, कर भरणारी जमीन, वेदांचं ज्ञान अशा अटी आहेत. नावं ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहून मडक्यात टाकायची आणि लहान मुलाकडून एकेक काढायची. ती ब्राह्मणांना दान दिलेल्या गावाची सभा होती, सगळ्या गावाची नव्हे, हेही खरं. पण अध्यक्षमहाराज, पुढची अट ऐका: समितीवर राहून ज्याने हिशेब दिले नाहीत, त्याची चिठ्ठी मडक्यात पडायची नाही. त्याच्या मावसभावाची नाही, आतेभावाची नाही, मामाची, सासऱ्याची, मेहुण्याची, भाच्याची, जावयाचीही नाही! दगडात कोरून ठेवलंय. आपल्या भागातल्या किती समित्या उरतील या अटीनंतर? चिठ्ठी त्यांच्याकडेही होती आणि तुमच्याकडेही, एवढंच साम्य. मला आली ती 'आवरतं घ्या'.

असो. उपरोध सुटतोय, पुन्हा धरतो.

पुढचा सल्ला: राजा एकटा निर्णय घ्यायचा आणि मंत्री माना डोलवायचे, असं चित्र रंगवा. मंचावरच्यांना ते आवडतं. त्यासाठी गिरनारची शिळा मात्र टाळा. जुनागढला लोक गिरनार चढायला जातात, पायथ्याच्या शिळेपाशी कोणी थांबत नाही, त्यामुळे धोका तसा कमी. त्या एकाच शिळेवर अशोकाचे लेख आहेत आणि रुद्रदामन या शक क्षत्रपाचाही आहे, शके 72 च्या वादळाची हकिकत सांगणारा, म्हणजे इसवी सन 150 ची. सुदर्शन तलाव फुटला होता. चंद्रगुप्त मौर्याच्या पुष्यगुप्त या प्रांताधिकाऱ्याने बांधलेला, अशोकाच्या काळात तुषास्फाने पाट काढून सजवलेला. भगदाड किती? 420 हात लांब, तितकंच रुंद, 75 हात खोल. बांध पुन्हा उभा राहायची आशा सुटून प्रजा हाहाकार करत होती. राजाच्या पदरी मतिसचिव होते, म्हणजे सल्ला देणारे, आणि कर्मसचिव होते, म्हणजे काम पार पाडणारे. सगळे गुणी, लेखातच तसं म्हटलंय. त्यांनी भगदाड पाहिलं आणि राजाला सांगितलं: जमणार नाही. विरोध केला. तोंडावर. आणि राजाने काय केलं? त्यांची चौकशी लावली? मुळीच नाही. स्वतःच्या स्तुतीसाठी खोदवलेल्या लेखात त्यांचा विरोध नोंदवून ठेवला! मग प्रांताचा अमात्य सुविशाख, जातीने पह्लव, म्हणजे इराणी वंशाचा, याने तो बांध घातला, पूर्वीपेक्षा तिप्पट मजबूत. पैसा राजाच्या स्वतःच्या कोशातून. नगरातल्या आणि जनपदातल्या माणसांकडून कर नाही, विष्टी नाही, प्रणय नाही. विष्टी म्हणजे वेठबिगार. प्रणय म्हणजे तुम्हाला वाटतं ते नव्हे. राजाने प्रेमाने मागायची आणि प्रजेने गपगुमान द्यायची ती देणगी. दारावर पाच पोरं पावतीपुस्तक घेऊन येतात, 'काका, मागच्या वर्षी पाचशे होते' म्हणतात, तो शुद्ध प्रणय. याच व्याख्यानमालेसाठी माझ्याकडून तो वसूल झाला होता. मी वक्ता असूनही! आणि सुविशाखाबद्दल लेखात काय लिहिलंय, तर लाच न खाणारा, गर्व न करणारा, न ढळणारा. नावानिशी. बांध बांधणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव शिळेवर, आणि आपल्याकडे नाल्यावरच्या दोन हातांच्या मोरीवर उद्घाटकाचं. तेही तीन पक्षांच्या तीन पाट्या, एकीवर एक. हे सगळं माझ्या टिपणात होतं. तेराव्या मिनिटाला यायचं होतं.

नाशिकची पांडवलेणी दाखवायला पाहुण्यांना नेलंत तर गौतमीपुत्र सातकर्णीचा लेख वाचून दाखवू नका. 18 व्या राज्यवर्षी भिक्खूंना शेत दिलं, आणि 24 व्या वर्षी गोवर्धनच्या अमात्याला राजा नि राजमाता कळवतात की कखडी गावचं आम्ही दिलेलं शेत कसलं जात नाही, गाव ओस आहे, त्याऐवजी आमच्या खास मालकीच्या जमिनीतली 100 निवर्तनं (जमिनीचं तेव्हाचं माप) द्या. सरकारने 'आमची योजना फसली' असं लेण्यात कोरावं? पाहुण्यांवर वाईट परिणाम होतो.

मानधन मागू नका. अर्थशास्त्रात मंत्र्याला 48,000 पण (त्या काळचं नाणं), मंत्रिपरिषदेच्या सदस्याला 12,000 आणि अगदी खालच्या सेवकाला 60 पण आहेत. माझ्या हाती शाल, नारळ आणि घडी न मोडलेला अध्यक्षांचा फोटो आला.

आणि शेवटचं, नेहमी उशिरा या. मोठेपणाची ती खूण आहे. कौटिल्य म्हणतो, कामासाठी आलेल्याला राजाने दारात ताटकळत ठेवू नये, कारण राजा दिसेनासा झाला की जवळची माणसं त्याच्याकडून करायचं ते टाळून नको ते करवून घेतात. पण कौटिल्याला ट्रॅफिक कुठे ठाऊक होता? सव्वा तास पाऊणशे माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. त्यात एक आजी, गुडघ्याला पट्टा बांधून. त्या शेवटी उठून गेल्या. आत येता येता अध्यक्ष हसून म्हणाले, "थोडा उशीर झाला." थोडा?

नाही, आता सरळच बोलतो. आडून बोलून तुमच्यापर्यंत काही पोचत नाही.

कार्यक्रमाच्या शेवटी एक मुलगी उभी राहिली. कॉलेजातली असावी. तिने अध्यक्षांना एवढंच विचारलं, "सर, तुम्ही म्हणालात ते कुठे लिहिलंय?" आणि हे गृहस्थ माईक न सोडता म्हणाले, "बाळ, अशा शंका काढणाऱ्यांमुळेच आपण मागे राहिलो." लोक हसले. तुम्हीही हसलात, मी पाहिलं. मुलगी खाली बसली.

लाज वाटायला हवी होती, अध्यक्षमहाराज. ज्याचं नाव पन्नास मिनिटं घेतलंत ना, त्याच्या ग्रंथात मंत्रणेचं प्रकरण उघडा. जुन्या आचार्यांपैकी भारद्वाज म्हणतो राजाने एकट्याने विचार करावा, विशालाक्ष म्हणतो एकट्याने काही साधत नाही, पराशरांचे वेगळंच सांगतात, पिशुन त्यांना खोडतो, आणि सगळ्यांच्या शेवटी येतं 'नेति कौटिल्यः'. नाही, असं कौटिल्य म्हणतो. प्रकरणभर भांडण आहे! सगळ्यांची मतं आधी मांडून, मग नाही म्हणून, मग कारण देऊन. तीन-चार मंत्र्यांशी बोला, एकच असला तर तो बेलगाम होतो, दोघे असले तर संगनमत करतात नाहीतर भांडतात. जे हजर नाहीत त्यांना पत्र पाठवून विचारा. तातडीचं काम असेल तर मंत्री आणि परिषद दोघांना बोलवा, बहुसंख्य म्हणतील ते करा किंवा ज्याने काम होईल ते करा. आणि तिथेच विशालाक्षाचं वचन आहे: 'न कंचिदवमन्येत सर्वस्य शृणुयान्मतम्। बालस्याप्यर्थवद्वाक्यमुपयुञ्जीत पण्डितः॥' कोणाला कमी लेखू नये, सगळ्यांचं ऐकावं, पोराच्याही बोलण्यात अर्थ असेल तर शहाण्याने तो घ्यावा. 'बाळ' म्हणालात ना तुम्ही तिला? घ्या मग!

वादीला दरडावणाऱ्या, हुसकावून गप्प करणाऱ्या न्यायाधीशाला त्या अर्थशास्त्रात दंड आहे. तुमच्या सभागृहात त्याला हार आहे.

तुम्हाला मंत्रिपरिषद नको आहे हो, तुम्हाला टाळ्या हव्या आहेत. नको असेल तर नका वाचू, पण मग त्या माणसाच्या नावावर आपली वाक्यं खपवू नका, आणि विचारणाऱ्याला खाली बसवू नका. तो बॅनर अजून चौकात लटकतोय, एका बाजूची दोरी सुटलीये. उतरवा तो. आणि त्या मुलीला उत्तर द्या. कुठे लिहिलंय?