साखर फार उतरणंही धोक्याचंच
‘साखर जितकी कमी तितकं चांगलं’ हे तुमच्या मधुमेहावरच्या लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या (शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या) गोळ्या घेणाऱ्यांची रक्तातली साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली जाऊ शकते. मग थरथर, दरदरून घाम, बोलण्यात गोंधळ. माझी आई इन्सुलिन घेते. ती अचानक चिडचिड करू लागली की आम्ही आधी साखर तपासतो, ‘वय झालंय’ म्हणून सोडून देत नाही.

माणूस शुद्धीत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. तडक दवाखाना गाठावा. वयस्कर रुग्णांचं एचबीए१सीचं (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणाऱ्या चाचणीचं) लक्ष्य डॉक्टर अनेकदा मुद्दाम थोडं सैल ठेवतात, तेही याच भीतीने.