सावलीची कड: निपाणीच्या एका वाचकाला उत्तर

नमस्कार दादा,

झेनिट या जुन्या सोव्हिएत फिल्म कॅमेऱ्यावर फोटो काढण्याच्या आनंदाबद्दल मी लेख लिहिला होता, त्याखालची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. बाकीच्या वाचकांसाठी तिचा गाभा इथं देते. तुमच्या अप्पांनी निपाणीत २८ वर्षं स्टुडिओ चालवला. डेव्हलपरमधल्या, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनातल्या, मेटॉलनं त्यांच्या बोटांची सालं निघायची, लग्नसराईत रात्र रात्र डार्करूममध्ये उभं राहून ते कॉप्या काढायचे. "तुम्ही ज्याला आनंद म्हणता ती आमच्या घरातली मजुरी होती," असं तुम्ही लिहिलंय. त्यापुढं तीन तक्रारी आहेत. हा पैसेवाल्यांचा षोक आहे. निगेटिव्ह शेवटी स्कॅन करून मोबाइलवरच दाखवायची तर फिल्म कशाला? आणि माझा लेख वाचून तुमच्या पुतण्यानं ऑनलाइन जुना कॅमेरा मागवला, त्याच्या लेन्समध्ये बुरशी निघाली.

पुतण्यापासून सुरुवात करते, कारण तिथं चूक माझी आहे. जुना कॅमेरा घ्या असं मी लिहिलं, कसा तपासून घ्या ते लिहिलं नाही. आपल्या भागात मृगापासून गणपतीपर्यंत कपाटातले कपडेसुद्धा कुबट होतात, तिथं चामड्याच्या कव्हरात वर्षानुवर्षं पडलेल्या लेन्सचं काय होत असेल? लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) पूर्ण उघडायचं, मागून मोबाइलचा टॉर्च लावायचा आणि तिरकं बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. काठाला थोडी असेल तर फोटोत सहसा कळत नाही. मधोमध पसरली असेल तर उजेडाच्या दिशेनं काढलेला प्रत्येक फोटो धुरकट येतो. जाणकार कारागीर लेन्स खोलून ती पुसतो, पण बुरशीनं काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर तो डाग जात नाही. ऑनलाइन घेताना विकणाऱ्याकडून टॉर्च लावलेला फोटो आधी मागायचा, आणि घरी आणल्यावर चामड्याचं कव्हर बाजूला ठेवून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवायचं. हे मी मूळ लेखात आता घातलंय. पुतण्याची माझ्या वतीनं माफी मागा.

पैशाबद्दल वाद घालत नाही. ३६ फोटोंचा एक रोल आणि तो धुण्याचा खर्च धरला तर एका फोटोला तीसेक रुपये पडतात. आम्ही तिघं मिळून १०० फूट फिल्मचा डबा घेतो, त्यातून अठराएक रोल निघतात, महिन्याला माझा एक. तरीही हा षोकच. ज्याला परवडत नाही त्यानं यात पडू नये, हे मी आधीच स्पष्ट लिहायला हवं होतं.

आता मुख्य गोष्ट. तो झेनिट-ई मामांचा. त्यावर १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकचं चिन्ह आहे. त्यातलं सेलेनियमचं मीटर केव्हाच मेलंय, त्यामुळं उजेड मोजायला आपले डोळेच. मामांनी मला बेळगावातल्या आमच्या शहापूरच्या गल्लीत उन्हात उभं केलं आणि म्हणाले, "आकाशाकडं बघू नको, तुझ्या सावलीची कड बघ." कड सुरीनं कापल्यासारखी असेल तर लेन्सचं छिद्र एफ १६वर, म्हणजे अगदी बारीक. आकडा लहान होईल तसं छिद्र मोठं. जरा मऊ झाली तर ११. सावली आहे की नाही असं वाटलं तर ८. सावलीच पडली नाही तर ५.६. शटर मात्र फिल्मच्या वेगाच्या (आयएसओच्या) आकड्याजवळ, ४००च्या फिल्मला १/५०० सेकंद. झेनिटचं शटर तिथंच संपतं, म्हणून तो आकडा सोपा.

त्या दिवसापासून मला बेळगाव वेगळं दिसायला लागलं. येळ्ळूरच्या राजहंसगडावर जुलैत ढग येतो आणि सावली एका मिनिटात कड, मऊ, फिकट, काहीच नाही अशी सगळी पायरी उतरते. किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराच्या दारात ऊन आहे, दोन पावलं आत गेलं की चार-पाच स्टॉप गेले, म्हणजे उजेड चार-पाच वेळा निम्मा झाला. वडगावात एका विणकर काकूंच्या घरी मागावर फक्त कौलातल्या काचेतून उजेड येतो. तिथं मी १/३० आणि २.८ असा अंदाज केला, श्वास धरला, आणि धोट्याची रेघ हलली तरी काकूंचा चेहरा स्थिर आला. तो अंदाज बरोबर निघाल्याचं मला पाच दिवसांनी कळलं, न्हाणीघरात ओली फिल्म बल्बसमोर धरली तेव्हा. दादा, त्या क्षणी झालेला आनंद मी वाढवून सांगत नाहीये.

तुम्ही म्हणाल, हे मोबाइलच्या मॅन्युअल मोडमध्येही शिकता येतं. येतं. मी मात्र सहा वर्षांत शिकले नाही. गणिताच्या पुस्तकात शेवटच्या पानावर उत्तरं असायची ना, तसा स्क्रीन आधी उत्तर दाखवतो, आणि एकदा उत्तर दिसलं की माझा हात गणित मांडायचा कंटाळा करतो. झेनिटवर पळवाटच नाही. त्यातली हेलिओस ४४-२ ही ५८ मिमीची लेन्स, जर्मन झाइस कंपनीच्या बायोटार लेन्सच्या आराखड्यावर बेतलेली. छिद्र उघडं ठेवून फोकस करायचा, मग कडी फिरवून ते ठरवलेल्या आकड्यापर्यंत मिटायचं. व्ह्यूफाइंडर अंधारतो, आणि त्या अंधारात खटका दाबायचा. माणूस हलला की नाही ते तेव्हा नीट दिसतही नाही. ठरवलेलं असतं तेवढंच हातात असतं.

स्कॅनबद्दल तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. मी लाइटबॉक्सवर निगेटिव्ह ठेवून डिजिटल कॅमेऱ्यानंच तिची प्रत काढते. पण काकूंच्या डोक्यावरच्या त्या काचेची नक्षी प्रतीत दिसते, कारण ती निगेटिव्हवर उतरली होती. जास्त उजेड पडला की निगेटिव्ह हळूहळू गडद होत जाते, डिजिटल सेन्सर एका मर्यादेनंतर पांढरा कागद देतो. मी त्याच वेळी मोबाइलनं काढलेल्या फोटोत तिथं नुसतं भोक आहे. आणि पुतण्याला जुन्या लेन्सचीच ओढ असेल तर त्याला फिल्मची गरज नाही. हेलिओसचा आटा ४२ मिमीचा आहे, साधं अॅडॅप्टर लावून ती मिररलेस कॅमेऱ्यावर बसते. लेन्स पूर्ण उघडून झाडापुढं माणूस उभा केला की मागची पानं भोवऱ्यासारखी फिरलेली दिसतात. खर्च एकदाच.

रसायनांचंही तुम्ही ओझरतं विचारलंय. वापरलेला हायपो, म्हणजे फिल्मवरचं चित्र पक्कं करणारं रसायन, मी गटारात ओतत नाही. त्यात स्टील वूल टाकून ठेवलं की लोखंड विरघळतं आणि फिल्ममधून उतरलेली चांदी खाली बसते. मेटॉलसाठी हातमोजे घालते. अप्पांच्या काळी ते कुणी दिले नाहीत, हे वाचून मला वाईट वाटलं.

आणि मजुरी. इथं मी बराच वेळ थांबले. गेल्या शिवजयंतीला चित्ररथाच्या तयारीची एक अख्खी दुपार मी गल्लीत काढली. रंगवलेला बुरूज, जिरेटोप नीट करणारी आई, ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून झोपलेला मावळा. छत्तिसाव्यानंतरही लिव्हर अडेना, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. फिल्म आतल्या रिळाला धरलीच नव्हती, डावीकडची चकती एकदाही फिरली नव्हती आणि मी तिकडं पाहिलं नव्हतं. ३६ फोटो गेले. मी रात्री रडले आणि दुसऱ्या दिवशी नवीन रोल भरला. तुमच्या अप्पांच्या हातून हे झालं असतं तर एका घरचं लग्न गेलं असतं, पैसे परत द्यावे लागले असते, गावात नाव गेलं असतं. माझ्या आनंदाला ही भीती नाही, म्हणून तो आनंद आहे. हे तुम्ही बरोबर पकडलंत, आणि ते मला लेख लिहिताना सुचलं नव्हतं.

एका जागी मात्र तुमच्याशी सहमत होता येत नाही. अप्पांना विचारलं तर ते हसतील, असं तुम्ही लिहिता. हाताची बोटं बुडवून पाणी २० अंशाचं आहे की २४चं हे सांगणारा माणूस, खिडकीकडं एकदा बघून फ्लॅश लागेल की नाही ते ठरवणारा माणूस, हे सगळं त्यांना ओझंच वाटत असेल का? मला वाटत नाही. मामा सरकारी नोकरीत होते, त्यांना फोटोचे पैसे कधीच मिळाले नाहीत. तरी त्यांनी सावलीची कड मला सांगितली तेव्हा त्यांचा चेहरा पंचविशीतला झाला होता.

म्हणून एक विनंती. काकूंच्या त्याच रोलमधली दुसरी एक पट्टी माझ्यासमोर आहे. काठावरचे आकडे ठळक काळे आहेत, पण मागाखालच्या सावलीत फिल्म अगदी कोरी आहे. म्हणजे धुण्यात चूक नाही, उजेडच कमी दिला असं मला वाटतं. पण काकूंच्या कपाळावर जरा जास्त काळं आलंय, त्यामुळं डेव्हलपरमधली ११ मिनिटं जास्त झाली की काय अशीही शंका येते. मी ही पट्टी पाकिटात घालून पाठवली तर अप्पा ती खिडकीशी धरून बघतील का? काय म्हणतात ते जसंच्या तसं कळवा.