बादलीला लाथ मारण्यापूर्वी

सकाळी साडेसातला मोबाइल टुणकन वाजतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर 'आजचा इंग्लिश इडियम' येऊन पडतो. मागे सूर्योदय, कोपऱ्यात गुलाब, मधोमध इडियम. वाचून सोडून दिला तर काही बिघडत नाही. पण सकाळी वाचलेला इडियम दिवेलागणीच्या आत कुणाच्या तरी अंगावर घालायचाच, असा काही मंडळींचा नेम असतो. नाशिकच्या कॉलेज रोडला कॉफी पिताना हे खपून जातं. अमरधाम स्मशानभूमीच्या फाटकाशी 'युअर अंकल किक्ड द बकेट?' असं कुणी हळहळत विचारलं, की मात्र मला माझं तोंड कुठे लपवू असं होतं.

'किक द बकेट' म्हणजे मरणे. अर्थ बरोबर आहे, ग्रुपवाल्यांची चूक नाही. पण मरणं एका जातीचं असतं का? कैलासवासी होणं वेगळं, वारणं वेगळं, नुसतं जाणं वेगळं आणि गचकणं वेगळं. बादलीला लाथ मारणं हे गचकणं आहे. समाचाराला जाऊन 'काका कधी गचकले हो?' असं आपण विचारत नाही, आणि इंग्रजीत विचारलं म्हणून ते सोवळ्यात बसत नाही. तिथे 'पास्ड अवे' म्हणायचं. तेही नीट, कारण घाईत 'पास्ड आउट' निघून जातं. आपल्याकडे त्याचा अर्थ पदवी मिळाली. साहेबाच्या इंग्रजीत शुद्ध हरपली. 'माय अंकल पास्ड आउट इन नाइन्टीन एटी टू' म्हटलंत, तर तिकडचा माणूस काका अजून शुद्धीवर आले नाहीत का, या काळजीत पडेल.

दुसरी गोची शब्दांची. इडियममधला शब्द हलवला की अर्थ उडालाच. आपण 'तोंडाला पानं पुसली' म्हणतो. 'गालाला एक पान पुसलं' म्हणून बघा, कुणाला काही कळतं का. तसंच बादलीच्या आधी 'द'च हवा. 'अ बकेट' म्हटलं की ती न्हाणीघरातली बादली झाली. आणि शाळेच्या सवयीने कर्मणी प्रयोग करून 'द बकेट वॉज किक्ड' म्हणाल, तर काका जिवंत राहतात आणि बादली तेवढी कलंडते. 'स्पिल द बीन्स' म्हणजे गुपित फोडणे, याला मात्र कर्मणी चालतो: 'द बीन्स वेअर स्पिल्ड' सर्रास म्हणतात. कारण तिथे बीन्स म्हणजे गुपित आणि सांडणं म्हणजे फोडणं, असा हिशेब लागतो. बादली म्हणजे नेमकं काय, याचा हिशेबच लागत नाही. म्हणून ती जिथे आहे तिथेच राहू द्यायची.

हा 'द' आपला जुना दावेदार. हवा तिथे आपण तो गाळतो आणि नको तिथे घुसडतो. आभारप्रदर्शनात हमखास येणारं 'लास्ट बट नॉट द लीस्ट' घ्या. मूळ प्रयोग 'लास्ट बट नॉट लीस्ट' एवढाच आहे. पण हे आता सूत्रसंचालकांना सांगून उपयोग नाही; ते वाक्य म्हटल्याशिवाय त्यांना हारतुरे दिसतच नाहीत.

सगळ्यात जास्त घात होतो तो पायांच्या बाबतीत. 'पुलिंग युअर लेग' म्हणजे थट्टा, तीही प्रेमाची. आपल्याकडे पाय ओढतात ते वर चढणाऱ्याला खाली आणायला. अंबडच्या एखाद्या कारखान्यात साहेब हसत 'आय वॉज जस्ट पुलिंग युअर लेग' म्हणाले आणि ऐकणाऱ्याने मनातल्या मनात मराठी केलं, की बढती अडकवणारा माणूस सापडलाच म्हणून समजा. आणि 'ब्रेक अ लेग'? ही रंगमंचावर जाणाऱ्याला द्यायची शुभेच्छा. कालिदास कलामंदिरात तिसऱ्या घंटेआधी विंगेत म्हणा, शोभेल. आपण प्रयोगाआधी नारळ फोडतो, ते पाय मोडतात. पद्धत ज्याची त्याची. पण गुडघ्याच्या ऑपरेशनला निघालेल्या आत्याबाईंना हीच शुभेच्छा पाठवली, तर पुढच्या दिवाळीला फराळाचा डबा येणार नाही.

'अंडर द वेदर'चा हवेशी काही संबंध नाही. निफाडचा पारा कितीही उतरो, धडधाकट माणूस अंडर द वेदर होत नाही. सर्दी, कणकण, अंग मोडून येणं, इतपतच त्याची मजल. बायपास झालेल्या माणसाबद्दल वापरू नये. 'आय अ‍ॅम फीलिंग अ बिट अंडर द वेदर', एवढं वाक्य एका दिवसाच्या रजेला पुरतं. दोन दिवसांची हवी असेल तर सरळ तापाचं नाव घ्या.

'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे क्वचित, कधीतरी. याची गंमत पंचांगवाल्यांनाच कळेल. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या, की दुसरीला हल्ली ब्लू मून म्हणतात. हा योग सरासरी पावणेतीन वर्षांच्या आसपास येतो. आपला अधिक महिनाही साडेबत्तीस महिन्यांच्या सुमारास येतो. दोन्हींच्या मुळाशी एकच गणित: १९ वर्षांत चांद्र महिने सौर महिन्यांपेक्षा ७ जास्त भरतात. म्हणजे जावयाला अनारशांचं वाण जितक्या वेळा, साधारण तितक्याच वेळा हा निळा चंद्र. आपल्या कपिलाषष्ठीच्या योगापुढे किंवा १२ वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थापुढे तो अगदीच नेहमीचा पाहुणा.

नाशिककराने बिनधास्त वापरावा असा एक इडियम आहे, पण तो ग्रुपवर कधी येत नाही: 'ही नोज हिज अनियन्स'. म्हणजे गडी आपल्या कामात मुरलेला आहे. हा प्रयोग अमेरिकेत १९२०च्या दशकात रुळला, पण शोभतो तो लासलगावला. तिथला व्यापारी ट्रॉलीतला कांदा मुठीत दाबून, पत्ती चोळून हा उन्हाळ की रांगडा, किती दिवस टिकेल, हे बोली लागायच्या आत सांगतो. 'सावर ग्रेप्स', म्हणजे कोल्ह्याला द्राक्षं आंबट, हा मात्र दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारापुढे जपून. तो आधी विचारेल, साखर किती उतरली? कोल्हा नंतर.

प्रमाण म्हणाल तर मिसळीवरच्या तर्रीएवढं. दहा मिनिटांच्या बोलण्यात एक इडियम पुष्कळ. दोन झाले की ऐकणारा घड्याळ बघतो. सुरुवात जनावरं आणि भांडीकुंडी नसलेल्यांपासून करावी. मेंटेनन्स थकला असेल तर 'इट स्लिप्ड माय माइंड', म्हणजे विसरूनच गेलो. पाथर्डी फाट्याचा फ्लॅट दाखवून एजंट टोकन मागायला लागला, तर 'लेट मी स्लीप ऑन इट', म्हणजे विचार करून उद्या सांगतो. मीटिंग संपवायची असेल तर 'लेट्स कॉल इट अ डे'. हे इडियम आहेत असं ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, आणि रोजच्या बोलण्यात चालतात ते असेच.

राहिला पाऊस. पुस्तकं अजून 'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' शिकवतात. जोनाथन स्विफ्टने हा प्रयोग १७३८ साली छापला, तोही उच्चभ्रूंच्या गुळगुळीत, ठरीव गप्पांची टर उडवताना. म्हणजे थोरले बाजीराव हयात होते तेव्हाच तो चेष्टेचा विषय झाला होता. हल्ली साधा इंग्रज धो धो पावसाला 'इट्स पोअरिंग' म्हणतो आणि भुरभुर असेल तर 'इट्स स्पिटिंग'. कुत्री-मांजरी आठवतात ती आपल्याला, कारण पाचवीच्या निबंधात त्यांना गुण मिळाले होते.

आणि खरं सांगायचं तर पाऊस मोजायला आपल्याला परक्या जनावरांची गरज काय? गंगापूर धरणातून पाणी सोडलं की क्युसेकचे आकडे टीव्हीवर येतात, पण नाशिककर फोन करून एवढंच विचारतो, 'कुठवर आलंय?' पलीकडून उत्तर येतं, 'कमरेला.' फोन ठेवला जातो. कुणाच्या कमरेला, हे कुणी विचारत नाही. रामकुंडाजवळ गोदावरीत उभा असलेला दुतोंड्या मारुतीचा पुतळा दोघांच्याही डोळ्यांपुढे असतो; पूर मोजायचा तो त्याच्यावरच. कमरेला असेल तर दुकानातला माल वरच्या फळीवर ठेवायचा, गळ्याला असेल तर शटर ओढून घरी यायचं. आता हेच लंडनहून आलेल्या पाहुण्याला 'इट्स अप टु द वेस्ट' म्हणून सांगा. तो हॉटेलच्या गच्चीवर जाऊन होडीची वाट बघत बसेल. त्याला आपलं 'इट्स पोअरिंग' म्हणा आणि छत्री द्या.