'गोऱ्या साहेबाची आरती' म्हणणाऱ्या वाचकाला

हेन्ड्रिक व्हान रीडेवरच्या माझ्या लेखाखालची तुमची कमेंट काल रात्री वाचली, म्हटलं सकाळी शांतपणे उत्तर लिहू, पण सकाळीही डोकं तापलेलंच आहे. तुमचं म्हणणं असं, की रीडे वनस्पतीशास्त्रज्ञ नव्हताच, डच कंपनीचा मलबारातला अंमलदार होता, मलबारातल्या झाडापाल्यावरच्या त्याच्या 'होर्तुस मलबारिकुस' या ग्रंथाचं खरं काम इट्टी अच्युतन वैद्यांचं, कंपनीने सगळं नफ्यासाठी केलं, रानातून झाडं आणणाऱ्यांची नावंच नाहीत, तो सुरतेत वारला नाही आणि मी 'गोऱ्या साहेबाची आरती ओवाळलीये'.

सुरतेचं बरोबर. डिसेंबर १६९१ मध्ये तो मुंबईजवळ जहाजावरच गेला, सुरतेत पुरला. दुरुस्त केलंय, धन्यवाद.

आता आरती. अहो, अच्युतन वैद्यांचं नाव तुम्हाला कळलं कुठून? त्याच ग्रंथातून ना? १६७८ साली ॲमस्टरडॅमला छापलेल्या पहिल्या खंडात, ग्रंथासाठी माहिती दिल्याचं त्यांचं स्वतःचं प्रमाणपत्र आहे, त्यांच्या लिपीत, आणि रंग भट, विनायक पंडित, आपू भट या तिघा वैद्यांचंही, कोकणीत, आपल्या देवनागरीत. महाराजांच्या राज्याभिषेकाच्या दुसऱ्याच वर्षी, १६७५ ला लिहिलेली ती अक्षरं पहिल्यांदा बघितली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आणि तुम्ही म्हणता आरती!

मला हे कुणी शिकवू नये. माझे आजोबा कुडाळकडे झाडपाल्याचं औषध द्यायचे, त्यांची सहाण अजून माझ्याकडे आहे, मधोमध खोल झिजलेली. एक गृहस्थ आठ दिवस आमच्या ओसरीवर बसून, आमचेच पोहे खाऊन, त्यांच्याकडून सगळं उतरवून घेऊन गेले, पुढे पुस्तिका काढली, त्यात आजोबा म्हणजे नुसते 'एक स्थानिक माहितगार'. आजोबांनी चष्मा पुसून पुसून ती दोनदा चाळली, काही बोलले नाहीत. तीनशे वर्षांपूर्वीच्या डचाने जे केलं ते आपल्या माणसाला जमलं नाही, एवढंच मला म्हणायचं होतं.

रीडे शिकलेला शास्त्रज्ञ नव्हता हे मीच लिहिलंय, बहुतेक तुम्ही तिथवर वाचलंच नाही. नफ्याचं म्हणाल तर ती कंपनी होती, धर्मशाळा नव्हे. झाडं आणणाऱ्यांचं बघू कधीतरी. पण दुसऱ्यांच्या नावांचा हिशोब मागताना स्वतः 'अनामिक' म्हणून लिहायचं, हे मात्र भारीच.

कमेंट डिलीट केलेली नाहीये, राहू दे तिथेच.