अप्पांची षष्ठी विभक्ती

गेल्या मंगळवारी संध्याकाळी अप्पा इगतपुरीचे दहा दिवसांचे विपश्यना शिबिर आटोपून परत आले आणि ओट्यासमोर उभे राहिले. उभे राहिले असे मुद्दाम लिहितो, कारण त्यांची जागा गेली होती. आमचा ओटा म्हणजे गिरगावातल्या एका बंद पडलेल्या इस्त्रीच्या दुकानाची दगडी पायरी. तिच्यावर आमच्यापैकी कोणाचाही हक्क नसला, तरी डाव्या टोकाची, विजेच्या पेटीला पाठ टेकता येते ती जागा गेली बावीस वर्षे अप्पांची आहे आणि तिथला दगड त्यांच्याच बसण्याने गुळगुळीत झालेला आहे. अप्पा नव्हते त्या दिवसांत तिथे सिस्टर बसू लागल्या. महापालिकेच्या रुग्णालयातून निवृत्त झालेल्या या बाईंना कंबरेचा त्रास असल्यामुळे त्यांना उठा म्हणणे कोणालाच शक्य नव्हते. अप्पांना तर ते मुळीच शक्य नव्हते, कारण त्यांचा अहंकार इगतपुरीला सुटला होता.

"हा देह आता कोठेही बसू शकतो," असे म्हणून अप्पा उभेच राहिले. चहाच्या पोऱ्याने नेहमीप्रमाणे कटिंग पुढे केले, तेव्हा या देहाने चहा सोडला असल्याचे त्याला सांगण्यात आले. पोऱ्याने तो ग्लास वकिलांच्या हातात दिला आणि विचारले, "मग मागची बाकी कोणाच्या नावावर लिहू?"

वकील आणि अप्पा एकाच बाकावर शिकलेले, त्यामुळे त्यांच्यात भीडभाड नाही. "अप्पा, तिकडे काय झाले ते आता माणसासारखे सांग," असे वकिलांनी बजावल्यावर अप्पांनी डोळे मिटले आणि दोन श्वासांनंतर म्हणाले, "माझा अहंकार गेला."

"षष्ठी," मास्तर म्हणाले.

"काय षष्ठी?"

"षष्ठी विभक्ती. 'माझा' हे षष्ठीचे रूप आहे आणि षष्ठी मालकी दाखवते. अहंकार गेला असेल, पण तो ज्याच्या मालकीचा होता तो गृहस्थ घरीच बसून आहे, आणि गेलेल्या वस्तूची पावतीही त्याने जपून ठेवलेली दिसते."

मास्तरांनी सदतीस वर्षे शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवले असल्यामुळे ते एकदा सुरू झाले की घंटा झाल्याशिवाय थांबत नाहीत. त्यांचे म्हणणे असे, की अहंकार या शब्दाची आपण मराठीत फार दुर्दशा केली आहे. सांख्य तत्त्वज्ञांच्या मते प्रकृतीपासून महत् म्हणजे बुद्धी, महतापासून अहंकार आणि अहंकारापासून मन व इंद्रिये अशी उतरंड लागते. तिथे अहंकार म्हणजे मिजास नसून, जे काही घडते त्याला 'मी' आणि 'माझे' अशी चिठ्ठी चिकटवणारे एक यंत्र आहे. ते यंत्र नसते तर अप्पांना इगतपुरीहून कोणत्या चाळीत परतायचे हेही कळले नसते. आपण मात्र गर्वालाच अहंकार म्हणतो, आणि थोडे नम्र बोलू लागलो की मोक्षाच्या रांगेत उभे राहिल्याचे समाधान मानतो. "शिवाय तिकडे शिकवतात ती बुद्धाची अनत्ता, म्हणजे मुळात 'मी' नावाची सलग वस्तूच नाही असा विचार, आणि अप्पा बोलतात तो वेदान्त. दुकान एकाचे आणि माल दुसऱ्याचा, असा हा व्यवहार आहे."

"अस्मितेचे तर त्याहून वाईट झाले," हे सांगताना मास्तरांना खरोखर रंग चढला. "पतंजलीने पाच क्लेश सांगितले. अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश. पैकी राग म्हणजे त्याच्या लेखी ओढ, तिचा आपण संताप केला. आणि ज्या अस्मितेला त्याने क्लेश म्हटले, तिचे आपण चौकाचौकात फलक लावले."

त्या वाक्यावर आम्ही सर्वांनी चौकातल्या फलकाकडे पाहिले आणि पुन्हा चहाकडे वळलो.

वकिलांचा या सगळ्यावरच विश्वास नाही. ते म्हणाले, "अहंकार जाणे ही जर एवढी मोठी सिद्धी असेल, तर ती मला रोज रात्री साडेदहाला प्राप्त होते. गाढ झोपेत मी नाही, माझे नाही आणि माझ्या अशिलांनी बुडवलेली फीसुद्धा नाही. त्यासाठी पहाटे चार वाजता घंटेवर उठून दहा दिवस तोंड शिवून बसण्याचे कारण काय?"

वेदान्ताकडे यावर जुने उत्तर आहे आणि मास्तरांनी ते तत्काळ दिले. गाढ झोपेतून उठलेला माणूस 'मी सुखाने झोपलो होतो, मला काहीच कळले नाही' असे म्हणतो. त्या अर्थी काही न कळणे पाहणारा कोणीतरी आत जागा असला पाहिजे, आणि जागृती म्हणजे त्या जाग्याची ओळख पटणे होय. युक्तिवाद देखणा आहे आणि मला स्वतःला तो कॉलेजापासून पटत आलेला होता.

सिस्टर तोवर पर्समधली गोळी शोधत होत्या. ती तोंडात टाकून, पाणी पिऊन, त्या म्हणाल्या, "मास्तर, मी एकोणीस वर्षे ऑपरेशन थिएटरात काढली. पूर्ण भूल दिलेला माणूस शुद्धीवर येतो तेव्हा 'सुखाने झोपलो होतो' असे म्हणत नाही. पोट उघडून, शिवून, पट्टी बांधून झालेली असते आणि तो विचारतो, 'सिस्टर, ऑपरेशन कधी सुरू करणार?' मधले तीन तास त्याच्या हिशोबातच नसतात. तुमचा तो आतला जागा माणूस तेव्हा कुठे गेलेला असतो?"

मास्तर बराच वेळ गप्प राहिले. आमच्या ओट्यावर ही गोष्ट सहसा घडत नाही, म्हणून नोंदवून ठेवतो.

"आणि पूर्ण शुद्ध आल्यावर," सिस्टरांनी पुढे जोडले, "दुसरा प्रश्न असतो, 'माझी कवळी कुठे आहे?' मी जागृती पाहिली आहे ती अशी. आधी माणूस येतो आणि त्याच्या मागोमाग त्याचे सामान येते."

अप्पांना हे लौकिक बोलणे सोसवेना. त्यांनी डोळे उघडून सांगितले, की खरा जागृत पुरुष पाहायचा असेल तर रमण महर्षींचे चरित्र पाहा. त्या पुरुषाने 'मी' म्हणणेच सोडले होते, आणि हा देहही त्याच वाटेने चालला आहे.

इथे अप्पांनी स्वतःहून मान पुढे केली असे माझे मत आहे, कारण रमणांची ती गोष्ट मास्तरांना पाठ आहे. 1896 सालच्या जुलैच्या सुमारास मदुराईत सोळा वर्षांच्या वेंकटरामनला, म्हणजे पुढच्या रमणांना, अचानक मरणाची भीती वाटली. कोणाला हाक न मारता तो जमिनीवर प्रेतासारखा ताठ पडला, आणि देह मेला तर मरतो कोण, हा प्रश्न त्याने शेवटपर्यंत नेला. पुढे ऑगस्टअखेर त्याने घर सोडले, तेव्हा मागे ठेवलेली तमिळ चिठ्ठी 'मी'ने सुरू होते, पुढे त्या 'मी'च्या जागी 'हे' येते आणि शेवटी सहीच्या जागी सही नसते. 1 सप्टेंबरला तो तिरुवन्नामलैला पोहोचला आणि 1950 साली देह ठेवीपर्यंत त्याने तिथला अरुणाचल डोंगर सोडला नाही.

"म्हणजे त्या मुलाने चिठ्ठीपुरते तसे लिहिले आणि सहीसुद्धा केली नाही," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही मघापासून हा देह, हा देह करताय, ती प्रत्येक वेळी सहीच आहे, अप्पा."

"आणि त्याच चिठ्ठीत," वकिलांना या प्रकरणात आर्थिक बाजू सापडली होती, "भावाची फी भरलेली नाही असेही लिहिले आहे. फीसाठी दिलेल्या पाच रुपयांतले तीन त्याने गाडीभाड्याला घेतले आणि दोन परत ठेवले. मला हा मुलगा आवडतो. अहंकार गेला तरी हिशोब चोख ठेवणारा माणूस विरळा. अप्पा, चहाची बाकी आठवते का?"

मी तोवर गप्प होतो, पण तिरुवन्नामलैपर्यंत जाण्याची गरज काय, असे मला वाटले. आमच्या ओट्यापासून खेतवाडी चालत काही मिनिटांवर आहे. तिथल्या पोटमाळ्यावर निसर्गदत्त महाराज बसत. मारुती कांबळी हे त्यांचे मूळ नाव आणि विड्यांचे दुकान हा त्यांचा धंदा. सिद्धरामेश्वर महाराजांनी त्यांना 'मी आहे' एवढ्या एकाच जाणिवेला धरून राहायला सांगितले, आणि त्यांनी ते तीन वर्षे निष्ठेने केले. गुरू गेल्यानंतर एकदा ते हिमालयाच्या ओढीने बाहेर पडले होते; काही महिन्यांत परतले, तर दुकानांपैकी एकच उरले होते. त्यांनी तेच चालवले आणि संसारही केला. 1973 मध्ये मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या इंजिनिअरने त्यांची मराठी संभाषणे इंग्रजीत आणली. हा तोच गृहस्थ, ज्याने आपल्या औंध संस्थानाची घटना घडवण्यात हातभार लावला होता. त्यानंतर आमच्या लहानपणी गोरी माणसे हातात पत्त्याचा कागद घेऊन गल्ल्या मोजत फिरताना दिसत, आणि आम्हाला वाटे की ती वाट चुकून चौपाटीऐवजी इकडे आली आहेत.

"ते रागवायचे," वकील म्हणाले. "आवाज चढवायचे, वाद घालायला आलेल्याला जिना दाखवायचे. शेवटपर्यंत धूम्रपान सुटले नाही आणि 1981 मध्ये घशाच्या कर्करोगाने गेले. याला जागृती म्हणायचे?"

"का म्हणू नये?" सिस्टरांनी विचारले. "रागावून झाल्यावर राग पुढच्या माणसावर नेत होते का, एवढे सांगा. मी असे सर्जन पाहिले आहेत की थिएटरात कात्री फेकतात आणि बाहेर येऊन पेशंटच्या आईशी मऊ बोलतात. आणि असेही पाहिले आहेत की आयुष्यात कधी आवाज चढवला नाही, पण पाच वर्षांपूर्वी कोणी त्यांची औषधातली चूक दाखवून दिली त्याचा सूड अजून घेत आहेत. या दुसऱ्या प्रकारच्या माणसांना सगळे शांत म्हणतात. अप्पा, तुम्ही शांत आहात."

वकिलांनी मग भाच्याने पाठवलेला अभ्यास काढला. 2018 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी 93 योगविद्यार्थ्यांना पंधरा आठवडे प्रश्न विचारले. योगाचा तास संपल्या संपल्या विचारले, तेव्हा त्या विद्यार्थ्यांचे स्वतःविषयीचे मत उतरण्याऐवजी चढलेले आढळले, आणि ध्यान करणाऱ्यांच्या दुसऱ्या गटातही तेच दिसले. वकिलांना हा निकाल तोंडपाठ होता आणि त्यांनी तो न्यायालयात वाचावा तसा वाचला. मास्तरांना मात्र याचे नवल वाटले नाही. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउलींनी हेच सांगितले आहे, असे ते म्हणाले: अहंकार अडाण्याच्या फारसा मागे लागत नाही, तो जाणत्याच्या गळ्याला झोंबतो. "जर्मनांना पंधरा आठवडे लागले," असा शेरा मारून त्यांनी आपली मघाची हार भरून काढली.

आता ओघाने गोरोबाकाका येणे भागच होते. तेरला संतांचा मेळा जमला असता मुक्ताबाईंनी कोपऱ्यातले थापटणे पाहून हे काय म्हणून विचारले, आणि मडकी कच्ची की पक्की हे याने कळते असे सांगत गोरोबांनी प्रत्येक संताच्या डोक्यावर ते थापटले. सगळे निमूट बसले. नामदेव तेवढे चिडले आणि कच्चे ठरले. पुढे ते गुरू करायला औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले, ही कथा सर्वांना माहीत आहे.

"मला त्या कथेत नामदेवच जवळचे वाटतात," सिस्टर म्हणाल्या. "बाकीच्यांना लागले की नाही, कोण जाणे. त्यांना लागले आणि ते त्यांनी लपवले नाही. मग औंढ्याला गेले तेही तेच एकटे."

आणि त्यांनी शेजारची छत्री उचलून तिच्या मुठीने क्रमाने सर्वांच्या डोक्यावर हलकेच टकटक केली. मास्तर हसले, वकिलांनी हरकत नोंदवली, माझ्या डोक्याचा आवाज पोकळ आला असे पोऱ्याने जाहीर केले. अप्पांच्या डोक्याला मात्र छत्री लागलीच नाही. ते स्वतःच वाकले आणि जरा वेळाने वेगळ्या आवाजात म्हणाले, "एक सांगतो. चौथ्या दिवशी दुपारी गुडघा असा ठणकत होता की घामाने पाठ भिजली. वेदना नुसती पाहा, असे सांगितले होते. मी पाहत होतो. आणि मग माझ्या लक्षात आले, की ओट्यावर तुम्हाला हे कसे सांगायचे याची वाक्ये मी मनात जुळवत बसलो आहे. 'हा देह' तिथेच सुचले."

कोणी काही बोलले नाही. सिस्टरांनी छत्री खाली ठेवली. "हे त्या दहा दिवसांतले खरे," त्या म्हणाल्या. "बाकीचे सामान परत पाठवा."

हे असे गंभीर वळण आमच्या ओट्याला पचत नाही. वकिलांनी विचारले, "मग अप्पा, 1987 सालच्या कोनशिलेचेही आता काही वाटत नसेल?" गणेशोत्सव मंडळाच्या त्या संगमरवरी फरशीवर अध्यक्षांपासून सर्वांची नावे एका मापात आहेत आणि खजिनदार अप्पांचे तेवढे तळाशी, अर्ध्या मापात आहे, कारण पाथरवटाला जागा पुरली नाही. ती यादी वकिलांनी लिहून दिली होती.

"जागा पुरली नाही?" अप्पा कडाडले. "वर गणपतीच्या पायाशी चांगली चार बोटे जागा रिकामी होती! मी टेपने मोजली आहे!"

त्यानंतर जो हशा उठला त्यात समोरच्या गॅलरीतल्या बायकाही सामील झाल्या, आणि अप्पा स्वतः इतके हसले की त्यांना विजेच्या पेटीचा आधार घ्यावा लागला. साडेसात झाले तशा सिस्टर घरी जायला उठल्या. मी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडून परत आलो, तेव्हा अप्पांची पाठ पेटीला टेकलेली होती, हातात कटिंग होते, आणि चार बोटे म्हणजे नक्की किती सेंटिमीटर यावर त्यांचे वकिलांशी कडाक्याचे भांडण चालले होते.