पेटीतल्या बाळाला हात लावू नये? खुलासा

‘वेळेआधी जन्मलेलं बाळ काचेच्या पेटीत असेपर्यंत आईवडिलांनी हात लावू नये, जंतुसंसर्ग होतो’ असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं भारत आणि आफ्रिकेतल्या चार देशांत केलेली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही त्यात होतं. साधारण १ ते १.८ किलो वजनाची काही बाळं जन्मल्यावर लगेच आईच्या उघड्या छातीशी ठेवली, तर काही प्रकृती स्थिरावेपर्यंत पेटीत किंवा वॉर्मरवर (ऊब देणाऱ्या उघड्या पाळण्यात). पहिल्या गटात २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. आणि ज्याची भीती घातली जाते, तो जंतुसंसर्गही कमीच आढळला! २०२२ पासून संघटनेची शिफारसच आहे: बाळाला उघड्या छातीशी धरायची ही ‘कांगारू केअर’ दिवसाला ८ ते २४ तास द्या.

व्हेंटिलेटरवरच्या बाळाबाबत मात्र डॉक्टर सांगतील तेच ऐकायचं. अंगठ्या-बांगड्या काढून हात कोपरापर्यंत धुवायचे. सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्यांनी बाहेरच थांबावं, मग ती सख्खी आत्या का असेना. आईचं सिझेरियन झालं असेल तर बाबांनी शर्टाची बटणं उघडावीत. त्यांची छातीही तितकीच ऊबदार असते.